प्रॉव्हर्ब व ॲडेज

प्रॉव्हर्ब व ॲडेज : परंपरेने चालत आलेल्या, आटोपशीर व सर्वमान्य वचनांसाठी इंग्रजी भाषेत रूढ असलेल्या दोन संज्ञा. मराठीत या दोहोंसाठी सामान्यतः ‘म्हण’ हा एकच शब्द योजला जातो आणि इंग्रजी कोशांतूनही त्या परस्परांचे पर्याय म्हणून दिलेल्या आढळतात. तथापि त्यांचा इतिहास, त्या वापरणारा समाज आणि त्यांच्याभोवती जमलेल्या अर्थच्छटा लक्षात घेता त्या सर्वस्वी समानार्थी ठरत नाहीत. एकच वचन एका लेखकाने प्रॉव्हर्ब म्हणून व दुसऱ्याने ॲडेज म्हणून दिल्याची उदाहरणे विपुल आहेत. त्यावरून हा भेद वचनाच्या घाटावर वा आशयावर अवलंबून नाही, हे उघड होते. वचन कोणाच्या साक्षीने ग्राह्य मानावयाचे, या प्रश्नाशी तो निगडित आहे. प्रॉव्हर्बमागे लोकांची संमती गृहीत धरलेली असते. ॲडेजमागे प्राचीनतेचा वा विद्वत्तेचा अधिकार गृहीत धरलेला असतो.

व्युत्पत्ती : प्रॉव्हर्ब हा शब्द ‘प्रोव्हर्बियम’ या लॅटिन शब्दापासून आला असून त्यात ‘प्रो’ (पुढे) हा उपसर्ग व ‘व्हर्बम’ (शब्द) हे नाम आहे. जुन्या फ्रेंचमार्फत तो चौदाव्या शतकात इंग्रजीत स्थिरावला आणि चॉसरच्या (सु. १३४०–१४००) लेखनातही तो आढळतो. ॲडेज हा शब्द ‘अदागियम’ या लॅटिन शब्दावरून फ्रेंचमार्फत सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. ‘अद्’ हा उपसर्ग आणि ‘मी म्हणतो’ या अर्थाचे ‘आयो’ हे क्रियापद यांपासून तो सिद्ध झाला, असे आधुनिक व्युत्पत्तिकार मानतात. रोमन कोशकार फेस्टस याच्या परंपरेत ‘आचरणास योग्य ते’ अशी त्याची फोड केलेली आढळते. ती भाषाशास्त्रदृष्ट्या ग्राह्य नसली, तरी अशा वचनांकडून उपदेशाची अपेक्षा होती, हे तीवरून कळते. या दोन आगंतुक शब्दांपूर्वी इंग्रजीत ‘सॉ’ व ‘बायवर्ड’ हे देशी शब्द प्रचारात होते. पैकी पहिला आता जुनाट झाला असून दुसरा बहुधा कुप्रसिद्धीच्या अर्थी उरला आहे. ग्रीकमधील ‘पॅरिमिया’ या शब्दावरून म्हणींच्या शास्त्रीय अभ्यासाला ‘पॅरिमिऑलॉजी’ हे नाव मिळाले.

दोन्ही शब्द मुळात लॅटिन असले, तरी इंग्रजीतील त्यांच्या आगमनामध्ये सुमारे दोन शतकांचे अंतर आहे. प्रॉव्हर्ब हा शब्द मध्ययुगीन धर्मोपदेश व कथाकाव्ये यांच्याबरोबर आला आणि बोलीत मुरला. ॲडेज हा प्रबोधनकाळातील ग्रंथविद्येबरोबर आला. त्यांच्या पुढील वाटचालीचे बरेचसे स्पष्टीकरण या एका गोष्टीत सापडते.

इरॅस्मस व अदागिया : ॲडेज या शब्दाला विद्वन्मान्यता मिळाली, ती डच मानवतावादी पंडित इरॅस्मस (सु. १४६६–१५३६) याच्या संग्रहामुळे. १५०० मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या संग्रहात ८१८ वचने होती. व्हेनिसचा सुप्रसिद्ध मुद्रक आल्डस मॅन्यूशियस याने १५०८ मध्ये काढलेल्या विस्तृत आवृत्तीत ही संख्या ३,२०० हून अधिक झाली व १५३६ च्या आवृत्तीत ती ४,१५१ पर्यंत पोहोचली. ग्रीक व लॅटिन ग्रंथांतून वेचलेल्या प्रत्येक वचनाखाली त्याचे मूळ, अर्थ व उपयोग यांविषयी टिपण असून काही टिपणे स्वतंत्र निबंधाइतकी दीर्घ आहेत. ‘ज्यांनी युद्ध अनुभवले नाही, त्यांनाच ते गोड वाटते’ या वचनावरील टिपण हे युद्धविरोधी निबंध म्हणून स्वतंत्रपणेही छापले गेले.

इरॅस्मसने स्वतः पॅरिमिया, प्रोव्हर्बियम व अदागियम यांत तात्त्विक भेद केला नाही. लोकांत रूढ असलेले व काहीशा चतुर, नव्या वळणामुळे उठून दिसणारे वचन, अशा आशयाची एकच व्याख्या त्याने केली. तत्त्वचिंतन, मनवळवणी, भाषेचे सौंदर्य आणि प्राचीन ग्रंथकारांचे आकलन हे अशा वचनांचे चार उपयोग त्याने सांगितले. यांतील शेवटचा उपयोग विशेष महत्त्वाचा आहे. जी वचने समजून घेण्यासाठी ग्रंथ वाचावे लागतात व जी समजल्यावाचून ग्रंथ समजत नाहीत, ती वचने बाजारात वा शेतात ऐकू येणाऱ्या वचनांहून वेगळ्या वाटेने प्रवास करतात. व्याख्येत न आलेला भेद अशा रीतीने वापरात उतरला.

ग्रंथमार्गाने आलेली वचने पुढे सामान्य बोलीत मिसळली, हेही येथे नमूद केले पाहिजे. पँडोराची पेटी हे त्याचे ठळक उदाहरण होय. मूळ ग्रीक कथेत पँडोराजवळ मोठा रांजण आहे. इरॅस्मसने त्यासाठी डबी या अर्थाचा शब्द योजला आणि युरोपीय भाषांत पेटी कायम झाली. स्पष्टवक्तेपणाविषयीच्या एका ग्रीक वचनात ‘काठवटीला काठवट म्हणणे’ असा प्रयोग होता. इरॅस्मसच्या लॅटिनमध्ये काठवटीची कुदळ झाली व निकोलस यूडलच्या १५४२ मधील इंग्रजी भाषांतरामुळे तिचे फावडे झाले. आज ‘फावड्याला फावडे म्हणणे’ हा इंग्रजीतील अगदी घरगुती प्रयोग समजला जातो. पंडिताच्या लेखणीतून सुटलेला शब्द अशा रीतीने लोकांच्या मालकीचा झाला.

इंग्रजीतील संग्रह : इंग्रजीतील आरंभीच्या संग्रहांची शीर्षके या दृष्टीने बोलकी आहेत. रिचर्ड टॅव्हर्नर (सु. १५०५–७५) याने १५३९ मध्ये इरॅस्मसच्या निवडक वचनांचे भाषांतर प्रसिद्ध केले व त्याच्या शीर्षकात ‘प्रॉव्हर्ब्ज किंवा ॲडेजेस’ असे दोन्ही शब्द विकल्पाने दिले. जुना शब्द देऊन नवा समजावून सांगण्याचा हा प्रयत्न असावा. जॉन हेवुड (सु. १४९७–सु. १५८०) याने १५४६ मध्ये इंग्रजीतील प्रचलित वचने विवाहविषयक संवादात गुंफली, त्याने मात्र प्रॉव्हर्ब हा एकच शब्द पत्करला. त्याची सामग्री बोलीतील होती. जॉर्ज हर्बर्टच्या नावावरील परदेशी वचनांचा संग्रह (१६४०) व जॉन रे (१६२७–१७०५) या निसर्गवैज्ञानिकाचा संग्रह (१६७०) यांच्या शीर्षकांतही प्रॉव्हर्बच आहे. जेम्स हाउएल (सु. १५९४–१६६६) याने १६५९ च्या संग्रहात प्रॉव्हर्ब, सॉ व ॲडेज असे तिन्ही शब्द एकत्र आणले, तर टॉमस फुलर (१६५४–१७३४) या वैद्याने नोमोलॉजिया (१७३२) या ग्रंथाच्या उपशीर्षकात ॲडेज व प्रॉव्हर्ब यांचा ‘आणि’ या अव्ययाने जोडून उल्लेख केला. ‘किंवा’कडून ‘आणि’कडे झालेला हा प्रवास नियम म्हणून मांडता येणार नाही, तथापि दोन शब्दांची जोडी एकाच वस्तूसाठी अनावश्यक नाही, अशी जाणीव त्यातून दिसते.

‘ए रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस’ (गडगडत्या धोंड्याला शेवाळ धरत नाही) हे वचन इरॅस्मसच्या संग्रहात अदागियम म्हणून आहे आणि हेवुडच्या संग्रहात प्रॉव्हर्ब म्हणून आहे. एका पाकोळीने वसंत येत नाही, हे ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातही आलेले वचन टॅव्हर्नरच्या इंग्रजीत ग्रीष्माचे झाले व तसेच रूढ आहे. वचन तेच असताना नाव बदलते आणि नाव बदलताना वचनाचे हवामानही बदलते, असे या उदाहरणांवरून म्हणता येईल.

साहित्यातील वापर : शेक्सपिअरच्या (१५६४–१६१६) मॅक्बेथमध्ये लेडी मॅक्बेथ आपल्या कचरणाऱ्या पतीला ॲडेजमधील मांजराची उपमा देते. मासा खावासा वाटतो, पण पाय भिजवण्याची तयारी नाही, अशा मांजराविषयीचे हे वचन मध्ययुगीन लॅटिनमध्ये व हेवुडच्या संग्रहातही आहे. येथे वचन पूर्ण उच्चारलेलेच नाही. नुसत्या निर्देशाने ते ओळखले जाईल, हे गृहीत धरले आहे. सहाव्या हेन्रीवरील नाटकाच्या तिसऱ्या भागातही भिकारी घोड्यावर बसला की घोडा मरेतो दामटतो, या आशयाच्या वचनाला ॲडेज म्हटले आहे. दोन्ही ठिकाणी उच्चकुलीन पात्र प्रतिपक्षाला खाली दाखविण्यासाठी हा शब्द वापरते. वचने ग्राम्य आहेत आणि संज्ञा भारदस्त आहे. या विरोधामुळे उपहासाला धार येते. प्रॉव्हर्ब हा शब्द येथे योजला असता, तर अर्थ तोच राहिला असता; वक्त्याचा तोरा मात्र उणावला असता.

बायबलच्या १६११ च्या अधिकृत इंग्रजी भाषांतरात ॲडेज हा शब्द कोठेही आलेला नाही. सॉलोमनच्या नावे असलेल्या ग्रंथाचे ‘प्रॉव्हर्ब्ज’ हे नाव हिब्रू ‘माशाल’ या शब्दाचे भाषांतर होय. या हिब्रू शब्दात म्हण, दृष्टांत, कूट व दीर्घ उपदेशपर रचना या सर्वांचा समावेश होतो. एखादी व्यक्ती वा राष्ट्र लोकांच्या तोंडी कुचेष्टेचा विषय होणे, याही अर्थी तेथे प्रॉव्हर्ब हा शब्द येतो. ही छटा ॲडेजला कधीच लाभली नाही. ‘प्रॉव्हर्बियल’ हे विशेषण आजही जिवंत आहे आणि सर्वज्ञात गोष्टीला ते सहज लावले जाते. ॲडेजपासून झालेले विशेषण कोशांतच राहिले. धर्मग्रंथ आणि बोली या दोहोंचा आधार मिळालेला शब्द रुजला व फुटला. पंडितांचा शब्द एकेरीच राहिला.

अठराव्या शतकातील भेद : सॅम्युएल जॉन्सन (१७०९–८४) याने आपल्या कोशात (१७५५) ॲडेजचा अर्थ देताना प्राचीन काळापासून हस्तांतरित झालेल्या तत्त्ववचनाचा निर्देश केला व प्रॉव्हर्बचा अर्थ देताना लोकांच्या तोंडी वारंवार येणाऱ्या छोट्या वाक्याचा. नंतर प्रत्येकाखाली दुसरा शब्द पर्याय म्हणूनही नोंदविला. पुढील कोशांनी यातील पर्यायत्व उचलले. व्याख्येतील भेद मात्र पुष्कळदा पुसट केला. वस्तुतः काळ व लोक या जॉन्सनने दाखविलेल्या दोन भिन्न साक्षी होत.

याच शतकात म्हणींची सामाजिक प्रतिष्ठा घसरली. लॉर्ड चेस्टरफील्ड (१६९४–१७७३) याने मुलाला लिहिलेल्या व १७७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रांत म्हणींचा वापर हे हलक्या संगतीचे लक्षण मानले आहे. जॉनथन स्विफ्ट (१६६७–१७४५) याने १७३८ मध्ये उच्चभ्रूंच्या संभाषणातील झिजलेल्या वचनांची मालिका रचून त्यांचे विडंबन केले. एकाने म्हणींत ग्राम्यता पाहिली, दुसऱ्याने विचारशून्यता. या वातावरणात म्हण तर वापरावयाची, परंतु तिच्यापासून थोडे अंतरही राखावयाचे, अशा वक्त्याला ॲडेज हा शब्द सोयीचा ठरला. ‘ओल्ड ॲडेज’ हा आजही सर्रास आढळणारा प्रयोग द्विरुक्त आहे, कारण ॲडेज जुनेच असते, असा आक्षेप शैलीविषयक विवेचनांत घेतला जातो. तर्काच्या दृष्टीने तो बरोबर आहे; परंतु वक्त्याचा हेतू काळ सांगण्याचा नसून वचनाची जबाबदारी पूर्वजांवर सोपविण्याचा असतो, हे त्यात लक्षात घेतलेले नाही.

भेदाच्या कसोट्या : या दोन संज्ञांमधील सीमा आखण्यासाठी सामान्यतः चार कसोट्या सुचविल्या जातात. पहिली कसोटी रूपकाची. प्रॉव्हर्ब रूपकात्मक व ॲडेज सरळ विधानात्मक, असे काही वेळा सांगितले जाते. पण ‘हेस्ट मेक्स वेस्ट’ (घाईने नासाडी होते) हे सरळ वचन प्रॉव्हर्ब म्हणून मान्य आहे व शेक्सपिअरचे मांजर ॲडेजमध्ये आहे. दुसरी कसोटी वाक्याच्या पूर्णतेची. प्रॉव्हर्ब पूर्ण वाक्य असावे, अशी आधुनिक अभ्यासकांची अपेक्षा असते. इरॅस्मसच्या संग्रहात मात्र अथेन्सला घुबडे नेण्यासारखे वाक्प्रचारही ॲडेजमध्ये मोडतात. ही कसोटी इरॅस्मसपुरती उपयुक्त असली, तरी आजच्या इंग्रजी वापराला लागू पडत नाही. तिसरी कसोटी प्राचीनतेची. तिला जॉन्सनचा आधार असला, तरी विसाव्या शतकाने ती उलटीपालटी केली.

चौथी कसोटी मान्यतेच्या स्वरूपाची असून ती अधिक टिकाऊ आहे. आर्चबिशप रिचर्ड ट्रेंच (१८०७–८६) याने १८५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत संक्षेप, अर्थवत्ता व चुरचुरीतपणा या हाउएलने सांगितलेल्या तीन गुणांची चर्चा करून त्यांहून महत्त्वाचा चौथा गुण सांगितला : लोकांनी केलेला स्वीकार. हा स्वीकार नसेल, तर उत्कृष्ट वचनही प्रॉव्हर्ब होत नाही. एकाचे चातुर्य व अनेकांचे शहाणपण, ही लॉर्ड जॉन रसेलच्या नावे सांगितली जाणारी व्याख्याही तेच सुचविते. अमेरिकन लोकविद्यावेत्ता आर्चर टेलर (१८९०–१९७३) याने द प्रॉव्हर्ब (१९३१) या ग्रंथाच्या आरंभीच व्याख्येची अशक्यता मान्य केली व एखादे वाक्य म्हण आहे की नाही हे भाषिकाला शब्दांत न सांगता येणाऱ्या गुणामुळे कळते, अशी भूमिका घेतली. टेलरचे म्हणणे पळवाटीसारखे वाटले, तरी त्यात निर्णयाचा अधिकार भाषिक समाजाकडे दिला आहे. ॲडेजच्या बाबतीत असा अधिकार समाजाकडे कोणी दिल्याचे दिसत नाही.

आधुनिक वापर : विसाव्या शतकात अभ्यासाच्या क्षेत्रात प्रॉव्हर्ब ही संज्ञा पारिभाषिक झाली. १९३५ मधील ऑक्सफर्ड कोश, टिली याचा सोळाव्या व सतराव्या शतकांतील वचनांचा कोश (१९५०), हेल्सिंकी येथे १९६५ मध्ये सुरू झालेले प्रोव्हर्बियम हे नियतकालिक या सर्वांनी तीच स्वीकारली. १९०० नंतर निर्माण झालेल्या वचनांचा स्वतंत्र कोश २०१२ मध्ये निघाला, त्यातही प्रॉव्हर्ब हाच शब्द आहे. म्हणजे म्हण प्राचीनच असली पाहिजे, ही अट शास्त्राने सोडून दिली. संगणकक्षेत्रातील ‘गार्बेज इन, गार्बेज आउट’ (कचरा घाला, कचराच निघेल) हे वचन काही दशकांतच निनावी होऊन लोकांच्या तोंडी बसले.

याच काळात ॲडेज या शब्दाला एक अनपेक्षित क्षेत्र मिळाले. हाती असलेल्या वेळेइतके काम फुगते, हा सी. नॉर्थकोट पार्किन्सन (१९०९–९३) याने १९५५ मध्ये मांडलेला विनोदी नियम, बढती मिळत मिळत माणूस आपल्या अपात्रतेच्या पायरीवर पोहोचतो, हे १९६९ मधील ‘पीटर तत्त्व’, बिघडण्याजोगे ते बिघडणारच, हा मर्फीचा नियम, या सर्वांना आज इंग्रजीत ॲडेज म्हणतात. प्रॉव्हर्ब सहसा म्हणत नाहीत. ही वचने जुनी नाहीत व निनावीही नाहीत. जुनेपणा हेच ॲडेजचे सार मानले, तर हा वापर चूक ठरतो. परंतु अधिकारवाचक नाव हे त्याचे सार मानले, तर तो सुसंगत ठरतो. पूर्वी वचनामागे प्लेटो वा प्लूटार्क उभा असे. आता पार्किन्सन वा मर्फी उभा आहे. नाव गळून वचन तेवढे उरले की त्याचा प्रॉव्हर्ब होण्याचा मार्ग मोकळा होतो.

वसाहतकालीन संग्रह व मराठी : एकोणिसाव्या शतकात भारतीय भाषांतील वचनांचे जे संग्रह इंग्रजांनी केले, त्यांच्या नामकरणातही हा भेद डोकावतो. कार याचा तेलुगू (१८६८), पर्सिव्हलचा तमिळ (१८७४), नोल्सचा काश्मीरी (१८८५), फॅलनचा हिंदुस्तानी (१८८६), क्रिश्चनचा बिहारी (१८९१) व मॅनवेअरिंगचा मराठी (१८९९) हे सर्व संग्रह प्रॉव्हर्बचे आहेत. याउलट कर्नल जी. ए. जेकब याने संस्कृत ग्रंथांतील लौकिक न्यायांचा संग्रह लौकिकन्यायांजलि या नावाने १९०० पासून मुंबईस प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांना ‘मॅक्सिम’ असे म्हटले. काकतालीय वा सूचीकटाह यांसारखे न्याय हे वस्तुतः दृष्टांत आहेत, मॅक्सिम म्हणजे आचारनियम नव्हेत. तरीही शास्त्रग्रंथांतील सामग्रीला भारदस्त संज्ञा व बोलीतील सामग्रीला लोकवाचक संज्ञा, अशी विभागणी झाली. शीर्षकांवरून हेतू सिद्ध होत नाही, आणि बोलीतील वचनांना प्रॉव्हर्ब म्हणणे चुकीचेही नव्हते. परंतु बोलीतील वचनांत लोकस्वभाव शोधावयाचा आणि ग्रंथांतील वचनांत विचार शोधावयाचा, ही सवय अशा नामकरणाने बळावते. हेवुड व इरॅस्मस या दोघांनाही एकच धोंडा सापडला होता, हे अशा वेळी विसरले जाते.

मराठी अनुवादकापुढे हा प्रश्न प्रत्यक्षच येतो. ‘म्हण’ हा शब्द ‘म्हणणे’ या क्रियापदापासून आला असल्याने व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो ॲडेजला जवळचा आहे. ‘आ’ हा उपसर्ग व ‘भण्’ हा धातू असलेला ‘आभाणक’ हा शब्द तर त्याच्याशी जवळजवळ समांतर आहे. वापराच्या दृष्टीने मात्र म्हण म्हणजे प्रॉव्हर्ब होय. ‘लोकोक्ती’ या शब्दात प्रॉव्हर्बचे लोकसंमतीचे अंग स्पष्ट होते. अप्पय्य दीक्षिताच्या कुवलयानंद या ग्रंथात लोकोक्ती हा स्वतंत्र अलंकार मानला आहे, तो लोकप्रवादाच्या अनुकरणाच्या आधारावरच. सुशिक्षित मराठी भाषिक ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणतो, तेव्हा तो लोकांच्या वतीने बोलतो. ‘अतिपरिचयादवज्ञा’ वा ‘यथा राजा तथा प्रजा’ म्हणतो, तेव्हा परंपरेच्या वतीने बोलतो. दोन्ही वचने तितकीच परिचित असली, तरी ऐकणाऱ्याला वक्त्याच्या पवित्र्यातील फरक जाणवतो. म्हणून ॲडेजसाठी संदर्भानुसार ‘आभाणक’, ‘प्राचीन वचन’ वा, वचनकर्त्याचे नाव जोडलेले असल्यास, नुसते ‘वचन’ हे पर्याय योजावेत आणि प्रॉव्हर्बसाठी ‘म्हण’ वा ‘लोकोक्ती’ राखून ठेवावी, हे युक्त दिसते. सर्वत्र ‘म्हण’ योजल्यास लेडी मॅक्बेथचा तोरा आणि पार्किन्सनचा विनोद हे दोन्ही हरवतात.

प्रॉव्हर्ब व ॲडेज यांतील भेद वचनाला कायमचा चिकटलेला गुणधर्म नाही, हे वरील विवेचनावरून दिसून येईल. एकच वचन ग्रंथातून बोलीत येते व बोलीतून पुन्हा ग्रंथात जाते, आणि त्याच्या त्या त्या मुक्कामाचा निर्देश या संज्ञा करतात. त्यांना केवळ पर्याय मानणारे कोश सोय साधतात, पण हा प्रवास झाकतात. त्यांना दोन स्वतंत्र जाती मानणारे वर्गीकरण नेमकेपणाचा आभास निर्माण करते, पण प्रत्यक्ष उदाहरणांपुढे टिकत नाही. वचन कोणी, कोणापुढे व कोणाच्या आधाराने उच्चारले, हे पाहूनच संज्ञेची निवड करणे इष्ट होय.